डबल करण्याचा निर्णय काउंटनुसार कधी बदलावा?

प्रश्न (भुसावळ)
आखाजीला घरी पत्ते पिसले जात असताना मला ब्लॅकजॅकच्या (२१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करण्याच्या पत्त्यांच्या खेळाच्या) गणिताची गोडी लागली आणि आता मी संगणकावर सहा कॅटच्या खेळाचा सराव करतो. पत्ते मोजण्याच्या हाय-लो पद्धतीप्रमाणे दुर्री ते छक्कीला अधिक १, दश्शी, चित्रे व एक्क्याला उणे १ आणि मधल्या पत्त्यांना शून्य धरतो. काल माझी बेरीज १० होती, डीलरचा उघडा पत्ता राजा होता आणि काउंट, म्हणजे तोवर दिसलेल्या पत्त्यांच्या या आकड्यांची बेरीज, अधिक ८ होता. अशा वेळी अधिक ४ पासून डबल करावे (पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्यावा) असे पाठ असल्यामुळे मी डबल केले, परंतु प्रोग्रामने ती चूक ठरवली. असे का झाले असावे?

उत्तर (जळगाव)
आपण सांगितलेला ८ हा चालू काउंट आहे. आपण पाठ केलेला तक्त्यातला आकडा ट्रू काउंटचा असतो, म्हणजे चालू काउंटला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागून येणारा. चार कॅट उरले असतील तर तो फक्त २ होतो आणि साधा पत्ता घेणेच योग्य ठरते. दोनच उरले असतील तर ४ होतो. ट्रू काउंट ४ असताना दर ५२ पत्त्यांत दश्शी, चित्रे व एक्के मिळून सरासरी २० ऐवजी २२ असतात. डबल केल्यावर एकच पत्ता मिळतो, त्यामुळे हे दोन जादा पत्तेच निर्णय फिरवतात. डीलर झाकलेला पत्ता आधीच पाहून ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१) नसल्याची खात्री करतो, हे येथे गृहीत धरले आहे.

प्रश्नकर्ता
चारच कॅट उरले होते, सर. आपल्या बेरजेला ११ आणि समोर एक्का असेल तर?

उत्तर (धुळे)
ते नियमावर अवलंबून आहे. डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून होणाऱ्या १७ वर) थांबत असेल तर ट्रू काउंट अधिक १ पासून डबल करावे. तो तेथे पत्ता घेत असेल तर मूळ, म्हणजे काउंट न धरता खेळण्याच्या, तक्त्यातच डबल आहे. आपली बेरीज नऊ आणि डीलरची दुर्री असेल तर अधिक १ आणि सत्ती असेल तर अधिक ३ लक्षात ठेवा. उलट बाजू बरेच जण विसरतात: आपली बेरीज दहा आणि डीलरची नव्वी असताना एरवी आपण डबल करतो, पण ट्रू काउंट उणे २ च्याही खाली गेला की नुसता पत्ता घ्यावा.

अगदी सीमेवरच्या आकड्याला दोन्ही पर्यायांचे मोल जवळजवळ सारखे असते, म्हणून तेथे एखादी चूक झाली तर मनाला लावून घेऊ नका. भागाकार चुकला तर मात्र प्रत्येक डाव बिघडतो. मी सहा कॅट एकावर एक रचून, मध्येच कापून, उरलेला थर किती कॅटचा आहे हे आधी नजरेने ठरवतो आणि मग मोजून पाहतो.