महिन्याला आठशे मेल पाठवणाऱ्याला एवढे नियम कशाला?

रबाळे_खोकेवाला: आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे रबाळे एमआयडीसीत. महिन्यातून एकदा आठशेक जणांना रेट लिस्ट मेल करतो. दोन महिने झाले ती स्पॅममध्ये जातेय आणि आता बिलंपण जायला लागलीत, भिवंडीची पार्टी म्हणते बिल आलंच नाही, पेमेंट अडकलंय. विचारलं तर सांगतात एसपीएफ करा (आमच्या डोमेनने, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाने, कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकिम करा (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क करा (यातलं एकही आमच्या डोमेनशी जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं ती सूचना). अहो फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम आणले ते बल्कवाल्यांसाठी, म्हणजे ढिगाने मेल पाठवणाऱ्यांसाठी ना, जीमेलचा तर आकडाच आहे दिवसाला ५०००. लहान धंदेवाल्याला कशाला भरडता? माझ्या मते हा अन्याय आहे.

महापेकर: नाही पटलं. ५००० च्या वर गेलात तर तिन्ही लागतात, पण एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला लागतंच. आणि अन्याय कसला? आमच्या नावाने एका गिऱ्हाईकाला मेल गेला होता, 'बँक अकाउंट बदललंय, यापुढे इथे पैसे टाका', लोगो आमचा, जीएसटी नंबर बरोबर, पाठवणाऱ्याचा पत्ता पण आमच्याच डोमेनचा! त्याने फोन करून खात्री केली म्हणून साडेचार लाख वाचले. तेव्हा आमचं डीमार्क नव्हतं. मी तर म्हणतो आजच्या आज डीमार्कमध्ये रिजेक्ट लावा, न जुळणारा मेल सरळ नाकारायचा.

वागळे_इस्टेट: आजच्या आज नको हो!! आम्ही तेच केलं आणि आमचीच बिलं परत यायला लागली, कारण अकाउंटचं सॉफ्टवेअर वेगळ्याच सर्व्हरवरून मेल सोडत होतं आणि ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. आधी डीमार्कची पॉलिसी नन ठेवा (काही अडवायचं नाही), रिपोर्ट येतात ते नीट बघा, मग क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाकायचं), मग रिजेक्ट. आणि एसपीएफमध्ये दिसेल त्याचं इन्क्लूड टाकू नका, म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसची यादी जोडू नका, तपासताना दहाच डीएनएस लुकअप (डोमेनच्या नोंदी शोधणं) चालतात, वर गेलं की अख्खा रेकॉर्ड बाद.

रबाळे_खोकेवाला: काल एसपीएफ, डीकिम दोन्ही टाकलं, डीमार्कपण. तरी तेच.

तुर्भे_आयटी: दादा, तुमचाच एक मेल जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबं, 'शो ओरिजिनल'. एसपीएफ पास, डीकिम पास आणि डीमार्क फेल दिसतंय का? मग रेट लिस्ट ज्या मेलिंग सर्व्हिसने पाठवता तिच्याच डोमेनची सही पडतेय, तुमच्या नाही. त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या डोमेनची डीकिम की (सहीची किल्ली) लावा. आता दुसरं विचारतो, ही आठशे नावं आली कुठून?

रबाळे_खोकेवाला: डीमार्क फेलच दिसतंय. नावं म्हणाल तर निम्मी जुनी गिऱ्हाईकं, बाकी वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये गोळा केलेली व्हिजिटिंग कार्डं. लोकांनी स्वतःहून दिलीत.

तुर्भे_आयटी: कार्ड दिलं म्हणजे दर महिन्याला रेट लिस्ट मागितली असं नाही ना. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबलं की झालं, तिथे डीमार्क काहीही करू शकत नाही. आणि बिलं त्याच डोमेनवरून जातात म्हणून तीही त्यात भरडली जातायत. रेट लिस्टला वेगळा सबडोमेन (तुमच्याच डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेलं नाव) घ्या.

महापेकर: आणि अनसबस्क्राइब ठळक ठेवा, लोकांना सापडत नाही म्हणून ते स्पॅम दाबतात.

रबाळे_खोकेवाला: सबडोमेन आणि की आज करून घेतो. कार्डवाल्यांना आधी एकदा विचारतो, हवं म्हणतील त्यांनाच. पण ज्याच्याकडे आयटीचा माणूस नाही त्याने हे सगळं कुणाला विचारायचं, हा माझा मुद्दा तसाच आहे. तो मी सोडत नाही.