मोक्साचा शेक: जुन्या गुडघेदुखीला खरा जोडउपचार, की गरम पाण्याच्या पिशवीचेच महाग रूप?

धुनी:
अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांकडे सुयांबरोबर मोक्साचा शेक देतात. त्याबद्दल दोन टोकांची मते कानावर येतात. एक म्हणते, याने गुडघ्याची झिजलेली गादी भरून येते. दुसरे म्हणते, हा नुसता चिनी अंगारा आहे. पहिले तर साफ खोटे आहे. दुसरेही मला पटत नाही. जुन्या, आखडलेल्या, गारठ्यात वाढणाऱ्या गुडघे-कंबरदुखीला व्यायामाच्या जोडीने मोक्सा द्यावा, असे माझे मत आहे. मात्र तो नीट दिला तरच.

मोक्सा म्हणजे आर्टेमिसिया वंशातल्या झुडपाची पाने वाळवून, कुटून, चाळून काढलेला कापूस. चीनमधले झुडूप आर्टेमिसिया अर्गी, जपानमधले आर्टेमिसिया प्रिन्सेप्स. जपानी 'मोगुसा' या शब्दावरून मोक्सा हे नाव आले. आपला दवणाही याच वंशातला, पण मोक्सा त्याचा करत नाहीत. पाकिटावर 5:1, 15:1 असे आकडे असतात. 15:1 म्हणजे 15 किलो पानातून 1 किलो कापूस. आकडा मोठा तितका कापूस मऊ, काड्या कमी आणि जळणे मंद. चिमूटभर कापूस बोटांत वळून पाहावा. काड्या टोचल्या तर तो जळताना तडतडतो आणि ठिणगी थेट कातडीवर पडते.

गुडघ्याला शेक द्यायची सर्वांत सोपी रीत कांडीची. कांडी म्हणजे कागदात घट्ट गुंडाळलेला हाच कापूस. ती साधारण 18 मिलिमीटर जाड आणि 20 सेंटिमीटर लांब असते. पाठीवर झोपवून गुडघ्याखाली लोड द्यायचा, म्हणजे गुडघा वाकतो आणि वाटीच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंचे खळगे उघडतात. पाय सरळ असेल तर खळगे बुजतात आणि जागा चुकते. ते दोन खळगे, आणि बाहेरच्या खळग्यापासून रुग्णाच्याच चार बोटांइतके खाली, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर, अशा तीन जागा. पेटते टोक कातडीपासून 2 ते 3 सेंटिमीटर वर धरायचे आणि प्रत्येक जागेला 10 ते 15 मिनिटे द्यायची. कातडी गुलाबी झाली, ऊब आत मुरल्यासारखी वाटली की पुरे. चटका बसेपर्यंत थांबायचे नसते. आठवड्यातून तीनदा, चार ते सहा आठवडे. सहा वेळा देऊनही जिना उतरताना फरक जाणवला नाही तर बंद करावा.

कातळ:
रीत तुम्ही छान सांगितलीत. पण मूळ प्रश्न तसाच राहिला: यात शेकाच्या पलीकडे काय आहे?

2014 साली प्रसिद्ध झालेली शांघायची चाचणी नेहमी पुढे केली जाते. गुडघ्याच्या संधिवाताचे 110 रुग्ण होते. एका गटाला खरा मोक्सा, दुसऱ्याला दिसायला तसाच, पण तळाशी उष्णता अडवणारा पडदा असलेला. खऱ्या गटाचे दुखणे जास्त कमी झाले. यावरून इतकेच ठरते की ऊब ही ऊब नसण्यापेक्षा बरी. पानाने काही केले, की नुसत्या गरमीने, हे त्यातून कळत नाही. त्याच वर्षीची कोरियातली 212 जणांची चाचणी तर उघडच होती. कोणाला मोक्सा मिळतोय आणि कोणाला नेहमीचे उपचार, हे सगळ्यांना ठाऊक होते. आठवड्यातून तीनदा कोणी आपुलकीने गुडघ्याशी अर्धा तास बसले तर दुखणे कमी वाटणारच.

हवी ती चाचणी सरळ आहे. एका गटाला मोक्सा, दुसऱ्याला तेवढ्याच तापमानाचा, तेवढाच वेळ साधा शेक. त्यात मोक्सा जिंकत नाही तोवर धूर, राख आणि पोळण्याचा धोका कशासाठी पत्करायचा? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शनात ताज्या कंबरदुखीला वरवरची ऊब सुचवली आहे. ती पिशवीने मिळते. ब्रिटनमध्ये उपचारांचे मार्गदर्शन ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने तर 2022 साली झिजेच्या संधिवातात अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असेच लिहिले.

धुनी:
चाचणीबद्दलचा मुद्दा पूर्ण मान्य. पानात गुण आहे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे ऊब द्यायच्या पद्धतीबद्दल आहे.

पिशवी टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर ठेवा. वाटीवर ती टेकते, दोन्ही खळग्यांपाशी अधांतरी राहते. पहिली पाच मिनिटे फार गरम, पंधराव्या मिनिटाला कोमट. कांडीत उष्णतेचा डोस हातात असतो: अर्धा सेंटिमीटर वर घेतली की कमी, खाली आणली की जास्त, आणि जागा सुपारीएवढी. शिवाय राखेकडे लक्ष ठेवावे लागते. दोन-तीन मिनिटांत टोकावर राखेची टोपी चढते, ती उष्णता अडवते, रुग्ण म्हणतो आता काही लागत नाही. तिथे नवखा माणूस कांडी खाली आणतो. मग टोपी गळते, उघडा निखारा एक सेंटिमीटरवर येतो आणि फोड उठतो. म्हणून दर दोन मिनिटांनी कांडी बाजूला घेऊन जवळ ठेवलेल्या भांड्याच्या काठावर राख झाडायची आणि परत त्याच अंतरावर आणायची. बहुतेक फोड या एका चुकीचे असतात.

आल्याची रीत तर पिशवीला जमणारच नाही. जाड, रसरशीत आल्याची रुपयापेक्षा थोडी मोठी, 3 मिलिमीटर जाड चकती कापायची, सुईने सात-आठ भोके पाडायची, वर हरभऱ्याएवढा मोक्साचा शंकू ठेवून पेटवायचा. ओली ऊब खाली उतरते. एका जागी तीन ते पाच शंकू. बाजारात बारीक बोटांचे आले मिळते, त्याची आडवी चकती अपुरी पडते. गड्डा उभा चिरावा. चकती सुकून आकसली की बदलावी. 'गरम' म्हटल्याबरोबर चिमट्याने उचलून दोन श्वास थांबावे.

शलाका:
या चर्चेत आयुर्वेदातल्या अग्निकर्माचे, म्हणजे तापल्या सळईने डाग देण्याच्या उपचाराचे, नावही नाही, याचे वाईट वाटते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय पूर्ण अग्निकर्माचा आहे. महाराष्ट्रात अनेक वैद्य टाचदुखीला, कोपराच्या बाहेरच्या दुखण्याला पंचधातूची शलाका तापवून क्षणभर टेकवतात. ठिपक्यागणिक एक क्षण, दोन ठिपक्यांत अंतर, वर कोरफडीचा गर. अर्ध्या तासाची धुरी लागत नाही. शरद आणि ग्रीष्मात करू नये, पित्तप्रकृतीला करू नये, असे निषेधही ग्रंथात स्पष्ट आहेत. घरचे शास्त्र असताना कांडी चीनची कशाला?

कातळ:
शलाका, दोन्हींची तुलना करू नका. तुमच्याकडे कातडी मुद्दाम भाजतात, मोक्साच्या कांडीत ती भाजू द्यायची नसते. उद्देशच उलटे आहेत. चीनमध्ये मुद्दाम व्रण उठवणारा मोक्साही होता, तुमचे नाते त्याच्याशी. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर तापल्या विळ्याचे डाग देण्याची प्रथा अजून पूर्ण मोडलेली नाही. भाजण्याला उपचार म्हणताना त्याचा परिणाम कुठवर जातो, याची जबाबदारी आपल्यावर येते.

शलाका:
विळ्याचा डाग आणि अग्निकर्म यांची सांगड मी मान्य करणार नाही. एक अडाणीपणा आहे, दुसऱ्याला विधी, निषेध, पश्चात्कर्म सगळे आहे. मात्र घरी कोणी सळई तापवू नये, इतके आपले एकमत असू दे.

सुईदोरा:
तुम्ही तिघे गुणावर भांडताय. मला कातडीबद्दल बोलायचे आहे, कारण शेवटी भाजते ती कातडी.

44 अंश सेल्सियसवर त्वचा पोळायला सुमारे सहा तास लागतात. 60 अंशांवर काही सेकंद पुरतात. दुखण्याची जाणीव साधारण 43 अंशांपासून सुरू होते, म्हणजे 'गरम लागतंय' हा रुग्णाचा शब्द हेच आपले तापमापक. आता मधुमेहाने पायांची जाणीव गेलेला माणूस घ्या. तो कधीच 'गरम' म्हणणार नाही. त्याला तळपायावर आणि नडगीवर मोक्सा देऊच नये. जाणीव नक्की माहीत नसेल तर आधी कापसाचा बोळा आणि टूथपिक आलटून पालटून लावून, डोळे मिटून ओळखायला सांगावे. शेक देताना आपली दोन बोटे जागेच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवावीत. बोटांना सहन होत नसेल तर त्यालाही नको.

कोणाला नाही: ताजी मुरगळ, पहिले 48 तास. लाल, तापलेला, अचानक सुजलेला सांधा, कारण तो युरिक अ‍ॅसिडचा किंवा जंतुसंसर्गाचा असू शकतो आणि तापाबरोबर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. एका बाजूची पोटरी सुजून दुखत असेल तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात पोट आणि कंबर. दमा असेल तर धुराची कांडी नकोच.

आणखी दोन चुका. बाम लावलेल्या जागेवर शेक देतात. बामातले मिरचीचे सत्त्व किंवा मेंथॉल जाणीव फसवते आणि चटका कळत नाही. आधी साबणाने पुसून घ्या. दुसरी, आल्याऐवजी लसणाची चकती. लसणाचा रस शेकाशिवायही फोड आणतो. तेच तेच ठिकाण महिनोन्‌महिने शेकले तर तपकिरी जाळीसारखे डाग पडतात, मग शेक मोक्साचा असो की पिशवीचा.

फोड आलाच तर 20 मिनिटे नळाचे वाहते साधे पाणी. तूप, हळद, टूथपेस्ट नाही. फोड फोडायचा नाही.

ओसरी:
फ्लॅटमध्ये हे करायचे कसे? शेजारी धुरामुळे तक्रार करतात. बिनधुराची कोळशाची कांडी सुरक्षित का?

सुईदोरा:
बिनधुराची म्हणजे बिनविषारी, असे नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. शिवाय ती कांडी जास्त गरम असते, अंतर 3 ते 4 सेंटिमीटर ठेवा. दोन्ही प्रकारांना समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. एसी लावून, दार बंद करून तर अजिबात नको. खोलीत लहान मूल किंवा दम्याचे कोणी असेल तर घरी करू नका.

धुनी:
विझवण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पाण्यात बुडवली की कांडी वाया जाते, आणि कापूस आत दाबलेला असल्याने गाभा कधी कधी कोरडाच राहतो. जाड काचेच्या बरणीत कोरडी वाळू किंवा तांदूळ भरून जळते टोक दोन इंच आत खुपसायचे. पंधरा मिनिटांनी काढून अंगठा टोकाजवळ आणून पाहायचे. ऊब लागली तर परत आत. वरून काळी दिसणारी कांडी आतून धुमसत असते, तशीच ड्रॉवरमध्ये ठेवली तर घर जळते.

सुईदोरांचे सगळे निषेध मान्य. कातळ, तुमच्याशी एकच मतभेद उरतो. ज्याला पिशवीने उतार पडतो त्याला मोक्सा नको, हे मी आज लिहून देतो. पण ज्याचा गुडघा बसून उठताना पहिली दहा पावले आखडलेला असतो, ज्याला गोळ्यांनी पित्त होते, त्याला व्यायामाआधी हा शेक दिला तर तो व्यायाम करतो. खुर्चीत बसून पाय सरळ करणे, 5 सेकंद धरणे, दहादा, तीन फेऱ्या. खरा फायदा त्याचा. मोक्सा त्याला खुर्चीवर बसवतो.

कातळ:
आता बोललात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शनात व्यायामाची शिफारस ठामपणे आहे आणि ऊब-थंडाव्याची सशर्त, क्रम तोच. मग रुग्णाला सांगताना वाक्यही त्याच क्रमाने सांगा: आधी व्यायाम, आधी वजन कमी करणे, आणि अंग सैल करायला हवा असेल तर शेक. 'मोक्साने गुडघा बरा होतो' अशी पाटी लावून सहा बैठकींचे पैसे आगाऊ घेणाऱ्यांशी माझे भांडण आहे. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे. नोंदणी विचारा. जपानमध्ये सुईचा आणि मोक्साचा परवाना वेगवेगळा काढावा लागतो, इतके ते काम वेगळे मानतात. इथे नोंदणीचे कार्ड दाखवा म्हटल्यावर जो रागावतो त्याच्या हातात पेटती कांडी देऊ नये.

धुनी:
पाटीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. आगाऊ पैशांच्याही. सहाव्या बैठकीनंतर विचारायचा प्रश्न मात्र 'दुखणे कमी झाले का' हा ठेवू नका, भिडेपोटी लोक हो म्हणतात. पहिल्या दिवशी घड्याळ लावून बसून-उठून पाच वेळा किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. सहाव्या बैठकीनंतर त्याच खुर्चीवर परत मोजा.