घरगुती आर्केड कॅबिनेट: सीआरटी आणि जामाचा हट्ट कशाला?

तांब्याची_तार
घरी आर्केड कॅबिनेट (गेम पार्लरमधल्या मशीनसारखं खोकं) बांधायला घेतलं की लोक आधी सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचा टीव्ही, आणि जामा हार्नेस (खरा गेम बोर्ड जोडायचा ठराविक तारांचा जुडगा) शोधत सुटतात. रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरवरच खेळायचं असेल तर दोन्ही नकोत. 1600 बाय 1200 चा, 20 इंची, 4:3 ऑफिस मॉनिटर सेकंडहँड घ्या. जुन्या गेमचं 240 ओळींचं चित्र बरोबर पाचपट होऊन 1200 मध्ये बसतं. 19 इंची 1280 बाय 1024 जास्त सहज मिळतो, पण तो 5:4. चारपट केलं की 960 ओळी, वरखाली 32-32 काळ्या. चालतं. बटणांना यूएसबी एन्कोडर (बटणं कॉम्प्युटरला जोडणारी पट्टी) लावा, विषय संपला.

उभा_पडदा
विषय संपला कसा? पाचपटीचा हिशोब फक्त उभ्या दिशेला जमतो. स्ट्रीट फायटर 2 (1991) घ्या: 384 बाय 224, पण दाखवायचा 4:3 मध्ये. उंची 1120 केली तर रुंदी साधारण 1493 लागते, म्हणजे 3.89 पट. काही पिक्सेल जाड, काही बारीक, आणि बाजूला पळताना ते डोळ्याला खुपतं. सीआरटीला जुन्या गेमचा 15 किलोहर्ट्झचा सिग्नल थेट मिळाला की ही भानगडच नाही. शिवाय जुन्या लाइट गन (पडद्यावर नेम धरायच्या बंदुका) एलसीडीवर चालतच नाहीत.

पॅकमॅनसाठी (1980, 224 बाय 288) पडदा उभा फिरवणार असाल तर टीएन पॅनेल (एलसीडीचा एक स्वस्त प्रकार) घेऊ नका. त्याचा खालून बघण्याचा कोन वाईट असतो. फिरवल्यावर तीच बाजू डावी-उजवी होते आणि शेजारी उभ्या गड्याला रंग उलटे दिसतात. सगळ्या बाजूंनी नीट दिसणारं आयपीएस पॅनेलच घ्या.

अर्थिंग_आधी
सीआरटीचं कौतुक पुरे, आता धोका. आपल्याकडच्या टीव्हींना सहसा आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगळा) इनपुट नसतो, म्हणून लोक आतल्या ओएसडीच्या (पडद्यावर मेनू दाखवणाऱ्या भागाच्या) पिनांवर तारा टाकतात. चासी (टीव्हीचा आतला सर्किट बोर्ड) मेन विजेपासून आयसोलेटेड नसेल तर 230 व्होल्ट थेट तुमच्या रास्पबेरी पायवर, आणि तिथून धातूच्या कंट्रोल पॅनेलवर. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच. ट्यूबच्या अॅनोडवर 20 हजार व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढला तरी ट्यूब चार्ज धरून ठेवते. ट्यूब डिस्चार्ज करणं स्वतः बघून शिकला नसाल तर मागचं झाकण उघडू नका.

जामा_56
सीआरटीचं जाऊ द्या, पण जामाला मोडीत का काढता? ज्याच्याकडे एकसुद्धा खरा आर्केड गेमचा सर्किट बोर्ड आहे किंवा पुढे घ्यायचाय, त्यानं हार्नेस आत्ताच ओढून ठेवावा. 1985 चं स्टँडर्ड, 56 पिना, 3.96 मिमी पिच. दोन चुका नेहमीच्या. कनेक्टर उलटा घालणं: सातव्या पिनच्या जागी की (अडवणारी पट्टी) बसवा म्हणजे उलटा जाणारच नाही. आणि 5 व्होल्ट एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) टोकाशी मोजणं. मोजायचे ते बोर्डाच्या कडेला, बोर्ड चालू असताना. बारीक तारेत व्होल्टेज पडलं की गेम मधूनच रिसेट होतो आणि दोष बिचाऱ्या बोर्डाला. हो, सहा बटणांच्या गेमला किकचा वेगळा हार्नेस लागतो, जामात तो नाही.

तांब्याची_तार
@जामा_56, खरा बोर्ड असेल तर तुमचं मान्य. "पुढे घ्यायचाय" म्हणून 56 तारा ओढणं मात्र मला पटत नाही; कंट्रोल पॅनेलखाली एक कनेक्टर ठेवा, पुढचं पुढे. @उभा_पडदा, 3.89 चा मुद्दा बरोबर आहे, पण शार्प-बायलिनिअर शेडर (चित्र मोठं करताना कडा सावरणारा फिल्टर) लावला की हातभर अंतरावरून फरक शोधावा लागतो.

यूएसबीतही लोक चुकतात ते ग्राउंडमध्ये. बटणांखालच्या सगळ्या मायक्रोस्विचचे सीओएम (सामाइक टोक) एकाच माळेत ओवतात आणि शेवट मोकळा सोडतात. मधली एक लग (तारेच्या टोकाची क्लिप) सैल झाली की पुढची सगळी बटणं मुकी. माळेचं टोक परत एन्कोडरच्या ग्राउंडला आणा. एक सांधा तुटला तरी सगळं चालतं. बटणाची तार एनओवर (दाबल्यावर जुळणारं टोक). एनसीवर (न दाबताच जुळलेलं टोक) गेली तर बटण न दाबताच दाबलेलं दिसतं. लग विकत घेण्याआधी स्विचच्या पात्या मोजा: 2.8, 4.8 आणि 6.3 मिमी अशा तिन्ही येतात.

अर्थिंग_आधी
मॉनिटर घेताना एक चाचणी करा, फुकट आहे. चालू मॉनिटरचा प्लग काढा, परत लावा. आपोआप चालू झाला तर घ्या. नाहीतर कॅबिनेटच्या एका मेन स्विचवर सगळं चालवता येणार नाही. दर वेळी पडद्याच्या चौकटीमागे हात घालून बटण दाबावं लागेल. आणि तो मेन स्विच थेट रास्पबेरी पायवर लावू नका, चालू असताना वीज गेली की एसडी कार्ड खराब होऊ शकतं. आधी शटडाउनचं बटण, मग स्विच.

उभा_पडदा
शेडर लावून फरक शोधावा लागतो म्हणे! जाड स्कॅनलाइन (ट्यूबसारख्या काळ्या आडव्या रेघा) लावून धूसरपणा झाकण्यापेक्षा मी 14 इंची ट्यूबच ठेवीन. ट्रान्सफॉर्मरसकट.