मदत हवी आहे: गॅरेजमध्ये कार लिफ्ट बसवायची आहे, दोन खांबी घेऊ का?

काळीमाती

नमस्कार मंडळी. मुक्काम फ्रिस्को, डॅलसच्या उत्तरेला. गॅरेज दोन गाड्यांचं आणि गाड्या तीन: बायकोची टोयोटा सिएना, माझी टेस्ला मॉडेल वाय आणि माझं खूळ म्हणजे १९९४ ची दोन सीटांची माझदा मियाटा. आतापर्यंत सिएना बाहेर ड्राइव्हवेवर उभी राहायची. यंदाच्या वसंतात लिंबाएवढ्या गारा पडल्या. टपावर नि बॉनेटवर मिळून बेचाळीस पोचे. लेकीने खडूने गोल काढून मोजले. तेव्हापासून घरात एकच वाक्य चालू आहे, "खेळण्यातली गाडी आत, आणि पोरांना शाळेत नेणारी उघड्यावर."

दुसरं कारण माझी पाठ. मियाटाचं ऑइल, ब्रेक सगळं मीच बघतो. ट्रॉली जॅकवर उचला, स्टँड लावा, पुठ्ठा अंथरून उताणं सरकत खाली जा. मागच्या महिन्यात स्टँड सरकवायला वाकलो तोच जॅकचं सील गेलं. गाडी धाडकन नाही, पण म्हैस बसते तशी सावकाश खाली बसली. हात बाहेर होता म्हणून आज टाइप करतोय.

गॅरेज आतून २० फूट रुंद, २१ फूट खोल, छत १० फूट. १६ बाय ८ चा एकच मोठा दरवाजा, ओपनर मधोमध छताला लटकलेला. बजेट चार हजार डॉलर, ताणून साडेचार. दोन खांबी लिफ्ट मनात भरली आहे, कारण चाकं मोकळी लोंबतात आणि ब्रेकचं काम उभ्याने होतं. ९००० पौंडांची एक कार्टमध्ये टाकून ठेवली आहे, शुक्रवारपर्यंत सूट आहे. घेऊ का?

ह्यूस्टनी_उकाडा

शुक्रवार विसरा, आधी जमीन बघा. घर कितव्या सालचं? टेक्ससमधल्या नव्या वसाहतींत बऱ्याच घरांचा स्लॅब, म्हणजे घराखालची काँक्रीटची लादी, पोस्ट-टेन्शन असतो, आत ताणलेले तारांचे दोर असलेला. तसा असेल तर काँक्रीट ओलं असतानाच गॅरेजच्या फरशीवर ठसा मारून ठेवतात, बहुतेक वेळा दाराच्या जवळपास. तो दिसला तर दोन खांबीचा विषय तिथेच मिटला.

काळीमाती

घर २०१६ चं. ठसा आधी सापडेना, कारण त्या कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं खोकं आणि त्याच्यासमोर चपलांचा ढीग. हलवलं तर खाली अक्षरं कोरलेली: पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब, डू नॉट कट ऑर कोअर, म्हणजे कापू नका, भोक पाडू नका. इतकी वर्षं त्यावर चपला काढतोय!

पण मला नीट समजावून सांगा. स्लॅब कापायचा नाहीये, बोल्टसाठी चार-साडेचार इंच खोल भोकं पाडायची आहेत. त्याने असं काय होणार?

ह्यूस्टनी_उकाडा

तुमचं टोपणनावच काळीमाती आहे, तेव्हा तुम्हाला पटकन कळेल. गाव कुठलं?

काळीमाती

परभणी.

ह्यूस्टनी_उकाडा

मग झालंच. डॅलसपासून सॅन अँटोनिओपर्यंतचा जो पट्टा आहे, ब्लॅकलँड प्रेअरी, त्याची माती आणि तुमची रेगूर सख्ख्या चुलत बहिणी. मृदाशास्त्रात दोघींचं गोत्र एकच, व्हर्टिसॉल. उन्हाळ्यात भेगा अशा की हात आत जावा, आणि पाऊस पडला की फुगून वर येणार. अशा जमिनीवर साधा स्लॅब टाकला तर तो तडकतो. म्हणून प्लास्टिकच्या नळीतून तारांचे दोर आडवेउभे टाकून वर काँक्रीट ओततात आणि ते कडक झालं की दोर जॅकने ताणून कडेला पाचर ठोकून अडकवतात. अर्ध्या इंचाच्या एका दोरावर साधारण ३३,००० पौंडांचा ताण असतो. तुमच्या सात मॉडेल वाय एका दोराला लटकवल्यात असं समजा. ड्रिलचं टोक त्यावर गेलं आणि दोर तुटला तर तो फरशी फोडून वर येऊ शकतो, नाहीतर कडेने बाहेर झेपावतो. माणूस वाचला तरी स्लॅबची पकड सैल होते ती होतेच. दुरुस्तीचं बिल लिफ्टच्या किमतीला लाजवेल.

आणि दोन खांबीत बोल्टवर सगळा खेळ आहे. तिथे वजन नुसतं खाली दाबत नाही. गाडी पुढेमागे एक वीत जरी कमीजास्त उचलली गेली तरी ती खांबांना कलवायला बघते, आणि ते कलवणं थोपवतात ते फक्त बोल्ट. म्हणून कंपन्या काँक्रीटची जाडी आणि ताकद दोन्ही लिहून देतात. आखूड खांबांची सुटी लिफ्ट मिळते ना, मॅक्सजॅक, तिचे खांब काम झाल्यावर काढून कोपऱ्यात ठेवता येतात, पण तीही उभी राहते ती जमिनीतल्या बोल्टांवरच. रडार लावून दोर शोधून देणारे लोक आहेत. माझ्या स्वतःच्या राहत्या घरात मी तो जुगार खेळणार नाही.

रिकामटेकडा

मियाटा विका. प्रश्न संपला.

काळीमाती

@रिकामटेकडा, तुमचा आयडी आणि माझ्या सासूबाईंचा सल्ला अगदी जुळतात. 

@ह्यूस्टनी_उकाडा, कार्ट रिकामी केली. मग आता उरलं काय? क्विकजॅकबद्दल बरंच वाचतोय.

पाना_बारा_तेरा

मिशिगनहून राम राम. माझ्याकडे क्विकजॅक होता, आता सहा वर्षं चार खांबी आहे, म्हणून दोन्हीबद्दल बोलू शकतो.

क्विकजॅक म्हणजे दोन लांब चौकटी. गाडीखाली दोन्ही बाजूंनी सरकवायच्या, हायड्रॉलिकवर गाडी पावणेदोन फुटांच्या आसपास वर जाते. भोक नको, काही नको, काम झालं की भिंतीला टेकवून ठेवा. ब्रेक, टायर, ऑइल यांना झकास. पण पडून काम करणं सुटत नाही, फक्त नाकाला डिफरन्शियल लागायचं थांबतं. कात्रीसारखी उघडणारी मिड-राइज लिफ्ट चारेक फूट वर नेते, स्टुलावर बसून काम होतं, पण तिचा सांगाडा गाडीच्या पोटाखालीच येतो. मियाटाचा गिअरबॉक्स काढायला गेलात तर नेमकी तिथेच अडगळ. आणि तुमच्या घरातला खरा तंटा पार्किंगचा आहे. या दोघी गाडीवर गाडी ठेवत नाहीत. तेव्हा चार खांबी: गाडी दोन लांब पट्ट्यांवर चढवायची, पट्ट्या चार खांबांमधे वर जातात आणि खाली दुसरी गाडी.

ती घरगुती मॉडेलं बहुतेक बोल्टशिवाय उभी राहतात, वजन चार पायांवर वाटलं जातं. लिफ्ट अदमासे १८०० पौंड आणि मियाटा २३००, म्हणजे एका पायावर हजारच्या जरा वर. टेस्लाच्या एका चाकावर आज तेवढंच आहे. तुमचा स्लॅब ते रोज सोसतोच आहे. तरी विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या पुस्तकात बोल्ट ऐच्छिक आहेत असं स्पष्ट छापलंय का ते बघा, आणि पोस्ट-टेन्शनचं कंपनीला लिहून विचारा.

तोटाही सांगतो. गाडी चाकांवरच उभी असते, त्यामुळे ब्रेकसाठी दोन पट्ट्यांच्या मधे सरकणारा ब्रिज जॅक वेगळा घ्यावा लागतो. तो पहिल्याच दिवशी घ्या, नाहीतर घेणं राहून जातं आणि तुम्ही लिफ्टखाली ठेवलेल्या ट्रॉली जॅकवर परत याल.

मोजपट्टी

सगळे जमिनीकडे बघताय, जरा छताकडेही बघा. मियाटा ४८ इंच, लिफ्टच्या पट्टीची जाडी पाच धरा. खाली सिएना घातली तर ती जवळजवळ ७० इंच. बेरीज १२३, आणि छत १२०. जागा बदलून सिएना वर नि मियाटा खाली केली तरी बेरीज तीच, हे सांगतोय कारण माझ्या मेहुण्याने आधी तोच उपाय सुचवला होता. खाली मॉडेल वाय घाला: ६४ आणि ५ आणि ४८, झाले ११७. तीन इंच उरले. त्यातही वर नेलेली लिफ्ट अडकवून ठेवणारं लॉक हव्या त्याच इंचावर बसत नाही, ठरावीक टप्प्यांवर बसतं, तेव्हा एक-दोन इंच तिथे जाणार. मियाटाची अँटेना काढून ठेवा.

आता खरी मेख. दरवाजा उघडला की कुठे जातो? छताखाली आडवा होतो! ८ फुटांचा दरवाजा आतल्या बाजूला आठ-नऊ फूट पसरतो आणि त्याच्याखाली तुमच्याकडे १२० नाही, शंभरच्या आसपास इंच आहेत. वर गाडी असताना कोणी रिमोट दाबला की ओपनर आणि मियाटा यांची कुस्ती.

पाना_बारा_तेरा

हे मोजपट्टींनी लाख मोलाचं सांगितलं. यावर उपाय आहे. दरवाज्याचे रूळ वर उचलून घेता येतात, हाय-लिफ्ट म्हणतात त्याला, आणि छतावरचा ओपनर काढून दरवाज्याच्या दांड्याच्या टोकाला भिंतीवर बसणारा लावायचा. हे दरवाजेवाल्याकडूनच करून घ्या. दरवाज्याच्या ताणलेल्या स्प्रिंगला हात लावू नका, तीसुद्धा तुमच्या स्लॅबमधल्या दोरांची धाकटी बहीण आहे.

शिवाय मियाटा रिव्हर्समध्ये चढवा. काचेचा भाग आत जाईल आणि दरवाज्याखाली येईल ते लांबलचक ठेंगणं बॉनेट. गॅरेज २१ फूट, गाडी १३ फुटांना इंचभर कमी, मागे फूटभर सोडलं तर नाक दरवाज्यापासून सात फुटांवर. म्हणजे आडव्या दरवाज्याखाली फार तर दोन फूट बॉनेट.

काळीमाती

काल रात्री हेच करून बसलो होतो. बायको झाडू उभा धरून, मी टेप घेऊन, लेक रिमोटवर. उघड्या दरवाज्याची खालची कड फरशीपासून ९९ इंच. आज दरवाजेवाला येऊन गेला, म्हणतो रूळ ११ इंच वर जातील. म्हणजे ११०. बॉनेट टोकाशी ३१ इंच भरलं. टेस्लावर दोन इंच मोकळे सोडून ६६, पट्टी ५, बॉनेट ३१, एकूण १०२. आठ इंच हवा खेळती राहते! टपाच्या जागी ११९ होतात, तिथे छतावरचा दिवा आहे तो भिंतीवर हलवणार.

रुंदीत लिफ्ट ९ फूट खाते. सिएनाला उरलेली जागा बेताची, पण तिचे मागचे दरवाजे सरकते, ते कामाला आले.

दोन शंका. वीज: पॅनेलमध्ये टेस्लाच्या चार्जरचा ६० अँपिअरचा ब्रेकर आधीच आहे, लिफ्टला २२० लागणारच का? आणि स्वस्तातल्या लिफ्टा, ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही, त्या कितपत घ्याव्यात?

पाना_बारा_तेरा

काही मॉडेलांना ११० ची मोटर मिळते. जरा हळू चढते, पण घरी कुठे गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत? सर्किट मात्र वेगळं काढून घ्या. आणखी एक, काही लिफ्टांत लॉक सोडायला दाबाची हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसरचा खर्च आला. हाताने सोडता येणारं लॉक विचारून घ्या.

स्वस्ताबद्दल: एएलआय म्हणजे ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचं सोनेरी लेबल बघा. त्यांच्या साइटवर प्रमाणित मॉडेलांची यादी आहे, मॉडेल नंबर टाकून शोधा. "मानकांनुसार बनवलेली" आणि "प्रमाणित" यांत फरक आहे. पहिलं विक्रेता स्वतःच म्हणतो.

बसवताना फरशीचा दाराकडचा उतार विसरू नका. खांबातल्या लॉकच्या पट्ट्या नटांनी वरखाली करून चारही कोपरे लेव्हलला आणायचे. नंतर वापरताना सवय एकच लावा. गाडी वर नेताना चारही खांबांतून टक-टक आवाज येतो. हव्या उंचीच्या थोडं वर न्या आणि मग परत खाली सोडून लॉकवर बसवा. वजन हायड्रॉलिकवर आणि तारेच्या दोरांवर लटकत ठेवून खाली जायचं नाही. माझ्याकडे एकदा तीनच टक ऐकू आले. चौथ्या खांबात लॉकच्या खाचेत उंदराने भुईमुगाची टरफलं भरून ठेवली होती. तेव्हापासून चारही खांबांत टॉर्च मारून बघतो आणि मगच पुढचं.

ह्यूस्टनी_उकाडा

ठिबक-ट्रे घ्या हो. त्या काळच्या मियाटाचा इंजिनावरच्या कॅम अँगल सेन्सरचा ओ-रिंग (रबरी कडं) गळतो, माझ्याकडेही होती. खाली टेस्ला पांढरी आहे का?

काळीमाती

पांढरी. ओ-रिंग गळतोच आहे. ट्रे यादीत घातले, ओ-रिंग लिफ्ट यायच्या आधी बदलतो.

चार खांबी, ९००० पौंड, हाताच्या लॉकची, ११० ची मोटर, लेबल यादीत तपासून ऑर्डर केली. कंपनीचं मेलवर उत्तर आलं की त्या मॉडेलला बोल्ट ऐच्छिक आहेत. बजेट दरवाज्याच्या कामामुळे फुटलं, ते कसं फुटलं हे घरी अजून सांगायचंय. डिलिव्हरीचा ट्रक नुसता ड्राइव्हवेपर्यंत पोचवतो म्हणे, आणि खोकं बाराशे पौंडांच्या वर. फ्रिस्को, प्लॅनो, मॅकिनीपैकी कुणाकडे इंजिन हॉइस्ट (इंजिन उचलायची छोटी क्रेन) आहे का एका शनिवारापुरता? चार माणसंही लागतील. मिसळ माझ्याकडे.

रिकामटेकडा

प्लॅनोत आहे. हॉइस्ट आणतो. तर्री वेगळी ठेवा.