उत्तर: उत्क्रांती डोळ्यांना दिसते का?

वर एकांनी लिहिलंय की उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, ती कुणी बघूच शकत नाही. मला हे पटत नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ जोडप्याने प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर १९७३ पासून फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांचा अभ्यास केला, एकेक पक्षी पकडायचा, पायात रिंग घालायची, चोच मोजायची आणि सोडून द्यायचा, असं वर्षानुवर्षं.

१९७७ ला तिथे पाऊस जवळपास पडलाच नाही. बारीक मऊ बिया चटकन संपल्या, उरले ते काटेरी सराटे. हो, आपल्याकडे माळरानावर चपलेत घुसतो ना, त्याच सराट्याचा भाऊबंद! मी एकदा वाळका सराटा पकडीने फोडून बघितला होता, चांगलाच जोर लावावा लागला, तेव्हा कळलं की एवढ्याशा पाखराला ते किती जड जात असेल. तिथल्या 'मीडियम ग्राउंड फिंच' या जातीचे जवळपास ८५ टक्के पक्षी मेले आणि जगले त्यात जाड चोचीवाले जास्त. चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांत येते, त्यामुळे पुढच्या पिढीची सरासरी चोच साधारण ४ टक्क्यांनी जाड भरली. एका पिढीत!

बरं, १९८३ ला एल निनोमुळे (प्रशांत महासागराचं पाणी तापतं तेव्हा) तिथे धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि निसर्गाची निवड (कोण टिकणार ते) उलटी फिरली, छोट्या चोचीवाले टिकायला लागले.

म्हणून अशा दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांना पैसे मिळत राहिले पाहिजेत असं मला फार वाटतं, दोन-तीन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये यातलं काय दिसलं असतं?