आत्याबद्दल थोडंसं

तुमच्या दिवंगत काकूंबद्दलची तुमची पोस्ट वाचली, फार मनापासून लिहिलंत. पण ‘तिने स्वतःसाठी काही केलंच नाही’ हे तुमचं वाक्य वाचून माझ्या आत्याबद्दल सांगावंसं वाटलं. ती गेल्यावर भेटायला येणारेही हेच म्हणत होते.

आत्याचा संसार ठाण्यात, नौपाड्यातला, चाळीतल्या दोन खोल्यांचा. सासू, दीर, आलं-गेलं सगळं तिनेच निभावलं, ते खरंच. पण ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, जे 1893 पासून चालू आहे, तिथलं पुस्तक बदलायला ती स्वतः जायची. जांभळी नाक्यावरून भाजी आणायची, पिशवीत खाली पुस्तक आणि वर मेथीच्या जुड्या. गडकरी रंगायतनला नाटक असलं की दुपारीच कुकर लावून मोकळी. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, कधी आड आले नाहीत, हे त्यांचंही मोठेपण.

पुढे काकांची दृष्टी अधू झाली. मग रोज चहानंतर ती त्यांना पेपर वाचून दाखवायची, अग्रलेखासकट. मध्येच थांबून स्वतःचं मत ठणकावून सांगायची आणि काका म्हणायचे, ‘आधी त्याचं तर पूर्ण होऊ दे!’ त्यांचं प्रेम मला तिथे दिसायचं, वाढदिवसाच्या फोटोंत नाही.

परवा काका म्हणाले, ‘जेवण कुणीही देईल रे, पण वाद कोण घालणार?’

तुमच्या काकूंना कशाची आवड होती? तुमच्या काकांना जरूर विचारा आणि इथे लिहा.