दागिने नको, आधी अडकलेली बिलं
वर ज्या दादांनी विचारलंय की भोसरीतलं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप तोट्यात चाललंय, वहिनींचे दागिने गहाण ठेवून अजून थोडं खेचू का, त्यांना कळकळीने सांगतो, दागिन्यांना हात लावू नका. आधी अडकलेल्या बिलांचे पैसे वसूल करा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने माल घेणाऱ्या पार्टीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. माझ्या मावसभावाचं पावडर कोटिंगचं युनिट असंच बसलं होतं, व्याजाचा हिशोब मांडून पत्र दिलं तेव्हा कुठे पार्टीने निम्मे पैसे दिले.

बँकेत हप्ता थकायच्या आधीच जाऊन भेटा, ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा होतं, मग मॅनेजरलाही फारसं काही करता येत नाही. बंद करायचंच ठरलं तर जीएसटी नंबर रीतसर रद्द करा, नाहीतर धंदा शून्य असताना भरायच्या निल रिटर्नचीसुद्धा लेट फी चढत राहते. आणि घरी खरा आकडा सांगा हो. माझा तो मावसभाऊ रात्री उशिरापर्यंत शटर अर्धं ओढून आत एकटाच बसायचा, वहिनीला सगळं सांगितलं तेव्हा त्याला झोप लागायला लागली. कारागिरांचा पगार मात्र सगळ्यात आधी चुकता करा.